कालच्या रश्श्याची वारस

अन्याय माझ्यावर झाला. दादाच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी, बाबा ड्युटीवर गेल्यावर आणि नळ जायच्या आधी, मनीषनगरच्या आमच्या घरामागच्या वॉश एरियात तो झाला. करणारी माझी सख्खी आई. फायदा झाला माझ्या वहिनीचा, शीतलचा, जिला या घरात येऊन तेव्हा धड पंधरवडाही झाला नव्हता. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण संघटनेची पत्रकं लिहिता लिहिता सवय लागली आहे: कोणावर, कधी, कुठे, कोणी, हे आधी, रडणं नंतर. तुम्हाला वाटेल जमिनीचं असेल, सोन्याचं असेल. तसं काही नाही. गोष्ट आहे कालच्या मटणाच्या उरलेल्या रश्श्याची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मी हसू देणार नाही.

आमच्याकडे रविवारचं मटण बाबा करायचे. एरवी भाजीत मीठ कमी की जास्त एवढंच सांगणारा माणूस रविवारी लुंगी खोचून मागे शेगडी मांडायचा. मागे, कारण देव आतल्या स्वयंपाकघरात होते आणि मटणाचा गंज आत आणायचा नाही हा आजीच्या वेळचा नियम. गंज म्हणजे आमच्याकडचं उभट, जाड बुडाचं पातेलं. आमचा ॲल्युमिनियमचा होता, बाहेरून काळा, आतून चांदीसारखा. खोबरं, खसखस, ज्वारी, दगडफूल आई भाजायची, वाटायचीही तीच. मिक्सर थांबला की बाबा हात धुऊन यायचे आणि म्हणायचे, "सरका आता." मग तासभर डावाचे आवाज, खोकले, शेजारच्या गच्चीवरून विचारपूस. जेवताना पाहुणे बाबांची तारीफ करायचे आणि बाबा "काही नाही हो, हाताचा गुण" म्हणत ती घ्यायचे. आईचं त्याकडे लक्षही नसायचं. ती वाढताना फोडींचा आग्रह करायची, रश्श्याचा कधीच नाही. रस्सा ती हात राखून वाढायची. दादा वाटी पुढे करायचा तर म्हणायची, "पोळी संपव आधी." मला फार उशिरा कळलं की रविवारभर ती सोमवारची राखण करत असायची.

रविवारी तो गंज घासायला पडत नसे. हिवाळ्यात तसाच, उन्हाळ्यात एक उकळी देऊन बाहेरच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये. सोमवारी झाकण काढलं की रश्श्यावर चरबीचा तांबूस पांढरा थर धरलेला असायचा, तळाशी मसाल्याचा गाळ, एखादी नळी, कडांना चिकटलेली काळपट पुटं. बाबांच्या लेखी जेवण कालच संपलेलं होतं. आई तिथून सुरू करायची. गार थर डावाने अलगद उचलून वाटीत. त्यातली थोडी चरबी कढईत, त्यात कांदा आणि लसणाची पात, मग ज्वारीच्या कण्या, म्हणजे जाडसर भरडलेली ज्वारी. कण्या परततानाचा तो आवाज मी झोपेतही ओळखीन: आधी वाळूसारखा कोरडा, मग जड, मग जवळपास गप्प. तो गप्प झाला की आई गंज तिरपा करून तळाचा गाळ ढवळायची, सगळा रस्सा ओतायची, वरून गरम पाणी. त्या पाण्याने आधी गंजाच्या कडा धुतलेल्या असायच्या, एक पुट वाया जायचं नाही. झाकण, बारीक आच. ताटात कच्चा कांदा आणि लिंबू. रविवारचं मटण तोंड भाजायचं, पाहुण्यांना घाम फोडायचं. सोमवारच्या कण्या शांतपणे आत उतरायच्या आणि दुपारपर्यंत माणसाला कोणावर रागावू द्यायच्या नाहीत. उरलेली वाटीतली चरबी मंगळवारी वांग्याच्या फोडणीत, बुधवारी तुरीच्या वरणावर चमचाभर. गुरुवार बाबा पाळायचे, तेव्हा त्याआधी वाटी रिकामी. सोमवार मात्र आमच्या घरात कोणी पाळत नव्हतं. सोमवार आईचा होता.

हे सगळं मी दारातून पाहिलेलं आहे. उंबऱ्याच्या आतून, हातात पुस्तक किंवा दात घासायचा ब्रश घेऊन. पोळ्या मला आईने शिकवल्या, वरण, भाज्या, पुरणसुद्धा; गोल झाली नाही तर पुन्हा लाटायला लावून शिकवल्या. फक्त हा एक गंज नाही. पंधरा वर्षांची असताना एकदा मी स्वतःहून झाकण उचललं, तर तिने डावाचा दांडा माझ्या मनगटावर ठेवून दिला. लागलं नाही. "तुले काय करायचं आहे त्याचं?" तिने विचारलं, अगदी शांतपणे, जसं एखाद्या परक्या पोरीला विचारावं. मला वाटलं, अजून लहान आहे म्हणून. मोठी झाले की हाक येईल. मी कॉलेजात गेले, संघटनेत गेले, मोर्च्यात घसा बसवून घेतला, आणि दर सोमवारी त्या दारात उभी राहून हाकेची वाट बघितली.

मग शीतल आली. कळमेश्वरची, माझ्याहून एखाद वर्षाने मोठी, हसरी, हाताची चपळ. पहिल्या सोमवारी ती सगळ्यांच्या आधी उठली आणि नव्या सुनेच्या उत्साहात तिने गंज घासून लख्ख करून पालथा घातला.

"अवं माय, गंज कोणी घासला?" आई दारातच थबकली.

"मी आई. लय चिकट होता, दोनदा साबण लावला."

"अन् रस्सा?"

"मागच्या कुत्रीले टाकला. पिल्लं आहेत ना तिले."

तिच्या माहेरी सोमवार कडक. तिची आई महादेवाची, रविवारचा मटणाचा गंज सोमवारचा सूर्य बघताच कामा नये, म्हणून आधीच सगळं उपसून, घासून, पुसून मोकळं. पोरीने माहेरची शिस्त सासरी आणली होती, चूक काय तिची? पण तेव्हा मी इतका विचार केला नाही. मी दारात होते आणि मला, सरळ सांगते, आनंद झाला होता. आता डावाचा दांडा हिच्या मनगटावर बसणार.

आई हसली. खरंच हसली. "त्या कुत्रीचं नशीब फळफळलं बाप्पा," म्हणाली. "असू दे. पुढच्या सोमवारी माझ्यासंगं उभी राह्य. शिकून घे."

आणि पुढच्या सोमवारी तिने शीतलच्या हातात डाव दिला. वरून आपला हात ठेवला, दोन हातांनी मिळून तो चरबीचा थर उचलला, न तुटता. शीतलच्या हिरव्या चुड्यावर वाफ धरली होती. मी आत, उंबऱ्यावर, तोंडात पेस्टचा फेस. तोच हा अन्याय.

मत्सर हा शब्द पत्रकात चालत नाही. आम्ही असंतोष लिहितो. पण हे पत्रक नाही, म्हणून खरा शब्द लिहिते: मी मत्सराने जळत होते. त्या चुड्याचा मत्सर, त्या हाताखालच्या हाताचा मत्सर. "कण्या गप्प झाल्या का सांग मले," असं आई तिला म्हणाली; मला तो आवाज लहानपणापासून पाठ होता, आणि परीक्षा तिची चालली होती. तिच्या हातच्या कण्या खारट व्हाव्यात म्हणून मी नवस बोलायचीच राहिले होते. त्या चांगल्या झाल्या. महिन्याभरात इतक्या चांगल्या की दादा म्हणाला, "बाबा, फरक ओळखून दाखवा." बाबांना ओळखता आला नाही. मला आला असता, मला कोणी विचारलं नाही. मी घरात काही ना काही कारण काढून शीतलशी भांडायला लागले. टॉवेल कुठे टाकला, गॅसवर दूध का सोडलं. ती एकदोनदा ऐकून घेई, मग तिसऱ्यांदा हसून म्हणे, "तुम्ही पत्रकं वाटा ताई, मी मसाला वाटते. सकाळी सकाळी काहून डोकं तापवता?" एकदा तिला माझ्या डोळ्यांतलं नेमकं कळलं असावं, कारण ती भांडी आवरता आवरता हळूच म्हणाली, "या ना, मी दाखवते तुम्हाले. आई मंदिरात गेल्या का करू." मी नाही म्हणाले. माझ्या आईची वस्तू मला तिच्याकडून दान म्हणून नको होती. आज दहा वर्षांनीही मला ते उत्तर बरोबर वाटतं.

शेवटी मी आईलाच गाठलं. ती मेथी निवडत बसली होती.

"मले काहून नाही शिकवलं?"

"काय?"

"सोमवारच्या कण्या."

"तुले येतात ना साध्या."

"आई."

तिने काडी मोडली. "रूपा, तू जाशीन. ती राहीन. घरची चव घरात ठेवतात. लेकीसंगं दिली का ती दुसऱ्याच्या शेगडीवर जाऊन बसते. माझ्या सासूनं हे सांगूनच डाव दिला मले. तिच्या दोन पोरी होत्या, माहेरी आल्या का मागून मागून खात. करायले नाही शिकल्या."

"अन् तुझ्या मायनं तुले काय दिलं?"

मेथी थांबली. "माय फळं करे," आई म्हणाली. "कालच्या रश्श्यात."

वरणफळं तुम्हाला ठाऊक असतील, उकळत्या वरणात सोडलेल्या कणकेच्या चकत्या. माझी पारशिवनीची आजी त्या चकत्या कालच्या मटणाच्या रश्श्यात सोडायची. आईने लग्नानंतर एकदा करून पाहिल्या होत्या. सगळी खळ झाली, पोस्टर चिकटवावीत अशी. आजी वारली तेव्हा दादा कडेवर होता. "आता सुमनले येतात," आई म्हणाली. सुमन म्हणजे माझी मामी, आईच्या धाकट्या भावाची बायको. आई हे ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी ओळखला, कारण शीतलचं नाव घेताना माझा तोच आवाज व्हायचा.

त्या दिवसांत मी काय करत होते ते सांगायलाच हवं. मी गावोगाव बायकांना सांगत फिरत होते की भाऊ पेढे घेऊन आला, साडी घेऊन आला, तरी हक्कसोडवर सही करू नका. सातबाऱ्यावर लेकीचं नाव राहिलंच पाहिजे. बायका मान डोलवायच्या. कोणी विचारायची, "तुमच्या घरी कसं आहे वं?" आणि मी छाती पुढे काढून सांगायची, आमच्या घरी सगळं बरोबरीचं आहे.

दिवाळीनंतर धान घरात आलं आणि मामाने बोलावलं. मी आईला घेऊन पारशिवनीला गेले, रविवारी मुक्काम करायचाच असा हट्ट धरून. मटण झालं, गाणी-गप्पा झाल्या. सोमवारी सकाळी आई उठून सवयीने मागे गेली, तर मामीने तिला हाताला धरून परत छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत आणलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. "बसा ताई, पाव्हण्या आहात." ज्या घरात आई जन्मली, ज्या छपरीतल्या जमिनीला तिने शेण लावलं, तिथे ती कपबशी मांडीवर धरून बसली होती, पाय नीट जुळवून, जशी बँकेत बसते.

"सुमन," ती थोड्या वेळाने आतल्या दिशेने म्हणाली, "फळं करून राहिली का?"

"हो ताई."

"कशी करते वं? माझी मोडतात."

आत भांडं वाजलं, मग थांबलं. मामी दाराशी आली. वाईट बाई नाही ती, माझे लाड केलेले आहेत तिने. "खा ना ताई पोटभर. डब्यात भरून देते. करायचं मात्र इथलं इथंच राहू द्या. सासूबाईंनं मले शपथ घातली होती. तुमच्या घरच्या कण्या कुठं मागते मी?"

"नाही, ते तर आहेच," आई म्हणाली. तिने लगेच मान्य केलं. तीच तर या कायद्याची आमच्या घरातली अंमलदार होती. पण मी तिच्या शेजारी बसले होते आणि मी तिचा चेहरा पाहिला. पन्नाशी ओलांडलेली बाई, नातवंडांची वाट बघणारी, आणि चेहरा अगदी माझा, उंबऱ्यावरचा. मला तिची दया यायला हवी होती. तशी नाही आली. आधी आला तो राग: म्हणजे हे कसं लागतं ते तुला माहीत होतं, आणि तरी तू मला दारात उभं ठेवलंस?

हात धुते म्हणून आई परसात गेली आणि बराच वेळ आली नाही. मी बघायला गेले. परसात उन्हात एक सूप ठेवलं होतं, त्यावर पातळ फडकं. आईने फडक्याचा कोपरा उचलला होता. खाली कणकेच्या छोट्या चकत्या वाळत होत्या. तिने एक उचलली, बोटांनी कडा दाबली, वास घेतला, चाटून पाहिली, आणि जिथे होती तिथेच, त्याच बाजूने परत ठेवली. मला पाहून ओठांवर बोट ठेवलं. मग आम्ही दोघी आत जाऊन जेवलो. फळं अशी होती की बाहेरून मऊ, आत दाताला लागणारी, आणि रस्सा त्यांनी पिऊन घेतलेला. कालचं मटण त्यापुढे पाहुणं वाटत होतं. आई मामीला म्हणाली, "मायसारखीच झाली." मामीला बरं वाटलं.

एसटीत खिडकीशी बसल्यावर, गाव मागे गेल्यावर आई बोलली. "कणीक चरबीत मळते. पाणी नाही घालत, गार रस्साच घालते. अन् उन्हात ठेवते, कडा पांढऱ्या होतपर्यंत." मग, "माय त्याच वेळी मले विहिरीवर धाडे. नेमकी त्याच वेळी. मले वाटे, पाणी पाहिजे म्हणून."

ती हसत होती, आणि पदराने पुन्हा पुन्हा तोंड पुसत होती. आपल्याच आईचा जिन्नस चोरून आणल्यावर माणूस कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं. मला वाटलं आता हिला सगळं कळलं, आता मला काही मागावं लागणार नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी आईने गंजावरचं झाकण काढलं, गार थर काढून कणकेत घातला, आणि हाक मारली, "शीतल, ये वं, नवीन दाखवते."

मी पुस्तक टेबलावर ठेवलं, उंबरा ओलांडला आणि शेगडीसमोर जाऊन बसले. धरण्याला बसतो तशी, मांडी घालून. शीतल पदर खोचत येत होती, ती तिथेच थांबली.

"उठ, रूपा."

"नाही उठत."

"हे काय लावलं सकाळी? तू जाशीन ना उद्या लग्न होऊन."

"जाईन. तू गेली तशीच जाईन. मग पन्नाशीत एसटीनं येईन अन् शीतलच्या परसातलं सूप उघडून पाहीन, ती इकडं तिकडं झाली का. मले खुर्ची देसान ना तेव्हा?"

नळाचं पाणी ड्रममध्ये पडत होतं. शीतलने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मी पाणी पाह्यते, नळ जाईन," आणि आत वळली. नळ तर आम्हा तिघींच्या समोरच होता. आई कणकेच्या परातीत दोन्ही हात रुतवून बसली होती. तिच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. तिने सासूला दिलेला शब्द होता. तो तिने तीस वर्षं पाळला होता, आणि शब्द पाळणाऱ्या माणसाला तो मोडताना काय होतं ते मी तेव्हा समजून घेतलं नाही, आजही पुरतं घेत नाही.

"हात धुतले का?" तिने विचारलं.

मी हात धुऊन आले. तिने परात माझ्याकडे सरकवली. माझी पहिली फळं दगडासारखी झाली, दादाने एक टेबलावर आपटून दाखवलं. दुसऱ्या सोमवारची बरी झाली. कण्या त्यानंतर शिकले, आईच्याच हाताखाली. आईने मग एक दिवस दोन्ही पोरींना समोरासमोर बसवलं आणि मी शीतलला फळं दाखवली, अर्थात कडा किती पांढऱ्या व्हाव्यात हे थोडं हातचं राखून. मत्सर गेला का? नाही गेला. तिचा हात माझ्याहून चांगला आहे आणि ते मला अजून सलतं. पण आता तो दोन स्वयंपाकिणींतला मत्सर आहे, घरातली आणि दारातली असा नाही. एवढा फरक मला पुरतो. मामीला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

जमिनीच्या वाट्यावर भाषण केलं की बायका टाळ्या वाजवतात, आणि घरी जाऊन लेकीला म्हणतात, तू सरक, तुझं इथे काय काम. मला ते आता ऐकायचं नाही. तुमच्या आईला आज फोन करा. तिची आई कालच्या रश्श्याचं काय करायची ते विचारा, आणि तिला स्वतःला ते करता येतं का तेही विचारा. येत नाही म्हणाली तर ते सध्या कोणाच्या हातात आहे त्या बाईचं नाव घ्या, आईला सोबत घेऊन त्या घरी जा, आणि खुर्ची दिली तर बसू नका.